फोलार: पोर्तुगालचा ईस्टरचा पाव घरी करताना

ईस्टर तीन आठवड्यांवर आला की कांद्याची सालं फेकायची नाहीत. वरची कोरडी, हातात चुरचुरणारी सालं तेवढी एका कागदी पिशवीत टाकत राहायचं. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा शहरात मी ज्या आजींच्या घरी दोन वर्षं भाड्याने राहिले, त्यांच्या स्वयंपाकघरात अशी पिशवी दारामागच्या खिळ्याला लटकलेली असायची. पहिल्या वर्षी मी ती कचरा समजून खाली टाकून आले. आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन भाजीवाल्याकडे गेल्या आणि कांद्याच्या पेटीच्या तळाशी साठलेली सालं मागून आणली. त्या सालांत उकडलेली अंडी विटेच्या रंगाची होतात. तीच अंडी कवचासकट गोड पिठात रोवून भाजली की झाला फोलार.

ईस्टरला पोर्तुगीजमध्ये ‘पाश्कोआ’ म्हणतात आणि फोलार हा त्या सणाचा पाव. पण एकाच नावाखाली तीन अगदी वेगळे पदार्थ येतात: अंडी रोवलेला गोड फोलार, उत्तरेकडच्या डोंगराळ भागातला मांस भरलेला खारा फोलार आणि दक्षिणेतल्या आल्गार्व्हचा दालचिनी-साखरेच्या थरांचा फोलार. पहिला मी सगळ्यात सविस्तर सांगते, कारण तो जमला की बाकीचे दोन अवघड वाटत नाहीत.

आधी थोडं उपासाबद्दल

पाककृतीत इतकी अंडी आणि इतकं लोणी का, हे एकदा कळलं की प्रमाण पाठ करावं लागत नाही. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात पूर्वी मांस तर वर्ज्य होतंच, शिवाय अंडी, दूध आणि लोणीही. कोंबड्यांना मात्र उपास नसतो. त्या अंडी देत राहायच्या आणि घरात ती साठत जायची. उत्तरेत हिवाळ्यात डुक्कर मारून त्याचं मांस चुलीवरच्या धुरात टांगून ठेवत, ते ईस्टरपर्यंत मुरून तयार व्हायचं. उपास सुटला की हे सगळं एकदम पिठात. एरवीची भाकरी उत्तरेकडच्या त्रास-उश-मोंतिशमध्ये राय धान्याची आणि मिन्यु भागात मक्याची असे. पांढरं गव्हाचं पीठ सणालाच निघायचं. आपल्याकडे ज्वारी-बाजरीच्या मुलुखात गव्हाची पोळी सणावारीच होत असे, तसंच हे.

म्हणजे हा उपास सोडायचा पाव आहे. तो जड असणारच, आणि जड पिठाला वेळ द्यावाच लागतो. या पावात माणसं जितक्या चुका करतात, त्यातल्या बहुतेक घाईच्याच असतात.

तारीख बघून ठेवा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. ती पौर्णिमा कधी आपली हनुमान जयंतीची असते, कधी होळीची. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये होळीनंतरच्या रविवारी, २८ मार्चला.

फोलार मुळात देण्याचा पाव आहे. झावळ्यांच्या रविवारी मुलं आपल्या धर्मपित्याला किंवा धर्ममातेला ऑलिव्हची नाहीतर रोझमेरीची डहाळी नेऊन देतात. पुढच्या रविवारी, ईस्टरला, त्यांच्याकडून फोलार मिळतो. आता पुष्कळ ठिकाणी फोलारच्या जागी पैसे किंवा खेळणं येतं आणि त्यालाही ‘फोलार’च म्हणतात. ‘ओवाळणी’चं आपण जे करून ठेवलं, तेच त्यांनी फोलारचं केलं.

गोड फोलारचं सामान

एक मोठा किंवा दोन मध्यम पाव होतील. मैदा ५०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, मऊ बटर ८० ग्रॅम, अंडी २, कोमट दूध १३० मिली आणि लागलं तर हाताशी आणखी २० मिली, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम (ताजं मिळालं तर २० ग्रॅम), मीठ ७ ग्रॅम. बटर खारं असेल तर मीठ ५ ग्रॅमच घ्या. वासासाठी एक चमचा बडीशेप जराशी भरडून, एक सपाट चमचा दालचिनीची पूड आणि एका संत्र्याची किंवा लिंबाची किसलेली साल. सालीचा पांढरा भाग किसणीत येऊ देऊ नका, कडू लागतो. वर रोवायला तीन अंडी आणि पावाला फासायला एक पिवळा बलक.

दालचिनी आवडते म्हणून मूठभर घालाल, तर फसाल. दालचिनीतलं तेल यीस्टला मारक असतं, पीठ फुगायलाच तयार होत नाही. चमच्याच्या वर जायचं नाही. बडीशेप मात्र सढळ हाताने घाला. माझ्या मते फोलारचा वास म्हणजे बडीशेपेचाच वास.

मैद्याबद्दल एक गोष्ट. पोर्तुगीज पाककृतींत बहुधा ‘टाइप ६५’ पीठ सांगतात. ते आपल्या किराणा दुकानातल्या मैद्यापेक्षा पाणी जास्त पितं. म्हणून तिकडची पाककृती जशीच्या तशी घेतलीत तर पीठ सैल होतं, मग आपण वरून मैदा टाकत सुटतो आणि पाव दगड होतो. वर दिलेलं दुधाचं प्रमाण आपल्या मैद्याला धरून आहे. ब्रेडसाठीचं वेगळं पीठ मिळत असेल तर उत्तम, मग ते वरचं २० मिली दूधही लागेल.

आदल्या दिवशी: अंडी

चार-पाच कांद्यांची सालं पातेल्यात पसरा, त्यावर तीन पांढरी अंडी, बुडतील एवढं पाणी आणि एक चमचा व्हिनेगर. उकळी फुटली की मंद आचेवर दहा मिनिटं. आच बंद करून अंडी त्याच पाण्यात निवेपर्यंत राहू द्या. रंग खरा तेव्हाच चढतो. अंड्यावर सालं चिकटून बसली असतील तिथे डाग उमटतात, फिकट-गडद नकाशासारखे. ते पुसायच्या भानगडीत पडू नका, एकसारखी रंगलेली अंडी विकतची वाटतात. तडा गेलेलं अंडं बाजूला काढून खाऊन टाका. बाकीची कोरडी करून फ्रिजमध्ये ठेवा. मात्र पावात रोवण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवायची, कारण गार अंडं गरम ओव्हनमध्ये तडकतं.

सकाळी: आधीचं पीठ

१०० ग्रॅम मैदा, १०० मिली कोमट दूध, चमचाभर साखर आणि सगळं यीस्ट एका भांड्यात कालवा आणि झाका. दूध बोटाला जेमतेम उबदार लागावं. चटका बसला तर यीस्ट मेलंच समजा. अर्ध्या तासात मिश्रण दुप्पट होऊन वर जाळी पडते. नाही पडली तर यीस्ट जुनं आहे, इथेच थांबा आणि नवीन आणा. ही पायरी गाळूनही पाव होतो, पण गोड पिठात साखर पाणी ओढून घेते आणि यीस्ट उपाशी-तहानलेलं राहतं. आधी त्याला निवांत खाऊ-पिऊ दिलं की पुढचं ओझं ते उचलतं.

मळणं, नव्हे तिंबणं

परातीत उरलेला मैदा, साखर, मीठ, बडीशेप, दालचिनी आणि साल एकत्र करा. मध्ये आळं करून त्यात आधीचं पीठ, फेटलेली दोन अंडी आणि उरलेलं ३० मिली दूध घाला. बटर अजून घालायचं नाही. सगळं एकत्र आलं की ओबडधोबड गोळा झाकून वीस मिनिटं ठेवून द्या. तेवढ्यात मैदा ओलावा पितो आणि तुमचे निम्मे कष्ट वाचतात.

मग पाच मिनिटं मळून थोडंथोडं बटर घालायला लागा, एका वेळी सुपारीएवढं. पहिला तुकडा जिरल्याशिवाय दुसरा नाही. चरबी पिठावर लेप धरते आणि त्यातला चिवट धागा तयार होऊ देत नाही, म्हणून ती शेवटी. आता एक वेळ अशी येते की पीठ परातभर चिकटलेलं, बोटांना लगदा आणि आपण हे कशाला काढलं असं वाटायला लागतं. हात मैद्याच्या डब्याकडे जातो. नेऊ नका. मळत राहा. आणखी सहा-सात मिनिटांत पीठ आपोआप परात सोडतं.

पोर्तुगीजमध्ये अशा मळण्याला ‘सोव्हार’ म्हणतात; तोच शब्द एखाद्याला बदडण्यालाही वापरतात. मराठीत कणीक तिंबतात आणि माणसालाही तिंबून काढतात, त्यामुळे मला हा शब्द शिकवावा लागला नाही. आजी पीठ उचलून टेबलावर आपटायच्या, घडी घालायच्या, पुन्हा आपटायच्या. वरच्या मजल्यावरच्या बाई छतावर टकटक करायच्या.

हाताने एकूण पंधरा-अठरा मिनिटं लागतात, मशिनवर मध्यम वेगाने दहा. झालं की नाही ते असं पाहा: लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूहळू ताणा. आरपार उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला पाहिजे. फाटला तर आणखी तीन मिनिटं.

गोळा तेलाचा हात लावलेल्या भांड्यात ठेवून वर बोटाने क्रूस काढायचा आणि म्हणायचं: संत मामेद तुला फुगवो, संत व्हिसेंत तुला वाढवो, संत जुआंव तुझा पाव करो. हे शब्द गावोगाव थोडे बदलतात, पण पोर्तुगालात पिठाला उद्देशून असं काहीतरी म्हटल्याशिवाय जुन्या बायका झाकण घालत नाहीत. यातले शेवटचे जुआंव म्हणजे गोव्याच्या सांजांव सणातलेच.

फुगणं

इथे घड्याळ बघायचं नाही, पीठ बघायचं. कोइंब्रात मार्चअखेर स्वयंपाकघर १६-१७ अंशांवर असायचं. आजी भांडं लोकरीच्या शालीत गुंडाळून पलंगावर ठेवायच्या, तरी तीन तास लागायचे. पुण्यात परत आल्यावर पहिल्या एप्रिलमध्ये मी वहीत लिहिलेले तीन तास इमानाने दिले. बाहेर ३८ अंश. झाकण काढलं तर पीठ भांड्याबाहेर आलेलं आणि घरभर ताडीसारखा आंबूस वास. तसाच भाजला, तर मधलं अंडं तिरपं होऊन घसरलं आणि ओव्हनच्या तळाशी जाऊन बसलं.

आपल्या उन्हाळ्यात एक ते सव्वा तास पुरतो. पीठ दुप्पट झालं आणि ओलं बोट खुपसल्यावर खड्डा हळूहळू अर्धाच भरून आला की पुरे. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे रात्री मळून अर्धा तास बाहेर आणि मग फ्रिजमध्ये. सकाळपर्यंत ते सावकाश फुगतं, वास जास्त मुरतो आणि गार पिठाला आकारही नीट देता येतो.

आकार आणि अंडी

पिठातली हवा हलक्या हाताने दाबून काढा. साधारण ८० ग्रॅमचा गोळा बाजूला ठेवा. उरलेल्याचा एक मोठा किंवा दोन मध्यम गोल, जरा चपटे पाव थापून बटर पेपरवर ठेवा. झाकून ४० ते ५० मिनिटं पुन्हा फुगू द्या.

फुगल्यावर बोटांनी खळगे करा, चांगले खोल, आणि अंड्याला किंचित तेल लावून ते निम्म्याहून जास्त आत बसवा. अंडी आधीच रोवून मग पाव फुगवला तर तो फुगता फुगता अंड्याला वर ढकलतो. माझं घसरलेलं अंडं निम्मं त्यामुळेच. बाजूला ठेवलेल्या पिठाच्या करंगळीएवढ्या जाड वळ्या करून प्रत्येक अंड्यावर क्रूसासारख्या आडव्या-उभ्या घाला आणि टोकं पावाच्या अंगात खाली दाबून बसवा. वळ्यांनी अंडं धरून राहतं, आणि क्रूसही होतो. आलेंतेजु भागात याच पिठाचे सरडे, कोकरं आणि पिल्लं करतात, पोटात एकेक अंडं घालून. घरात मुलं असतील तर सरडा करू द्या, तो बिघडायला काही जागाच नसते.

भाजणं

ओव्हन १७५ अंशांवर वीस मिनिटं आधी तापवा. पिवळ्या बलकात चमचाभर दूध घालून पावाला ब्रशने लावा, अंड्याला लावू नका. खालच्या तिसऱ्या भागातल्या जाळीवर ठेवा. मध्यम पावाला २५ ते २८ मिनिटं, मोठ्याला ३५ ते ४०. साखर-अंड्यामुळे वरचा भाग पंधराव्या मिनिटालाच गडद दिसायला लागतो आणि नवखा माणूस झाला समजून बाहेर काढतो. आत तेव्हा पीठ कच्चं असतं, विशेषतः अंड्याखाली. रंग आला की वर फॉइल सैल पांघरा आणि वेळ पूर्ण होऊ द्या. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९० अंश दाखवला पाहिजे. नसेल तर पाव उलटा करून बुडावर टिचकी मारा, पोकळ आवाज यावा. घरगुती ओटीजीचा काटा बहुधा खोटं बोलतो, पंधरा-वीस अंशांनी सहज. पंख्याचा ओव्हन असेल तर १६० अंश पुरतात.

जाळीवर तासभर निवू द्या. गरम कापला तर सुरीला चिकट पीठ लागतं आणि आपण उगाच कच्चा राहिला म्हणून हळहळतो.

अंड्याबद्दल स्पष्ट सांगते. पोर्तुगालात ते पावाबरोबर मीठ लावून खातात. तिकडच्या वसंतात चालतं. आपल्या एप्रिलमध्ये उकडलेलं अंडं दिवसभर टेबलावर शोभेला ठेवून संध्याकाळी खायचं नाही. दोन तासांत खा, नाहीतर काढून फ्रिजमध्ये ठेवा.

अंडं न खाणाऱ्यांसाठी: आल्गार्व्हचा थरांचा फोलार

बिनअंड्याचा फोलार होतो का, हे मला दर वर्षी विचारतात. वरच्या पाककृतीतून अंडी काढून नाही होत, तो नुसता गोड पाव होतो. पण दक्षिणेत ओल्याँव या मासेमारीच्या गावात जो फोलार करतात, त्याच्या पिठात पुष्कळ घरी अंडं नसतंच. संत्र्याचा रस असतो, कारण आल्गार्व्ह हा संत्र्यांचाच मुलूख. माझ्या मते तिन्हीत खायला हाच सर्वांत चांगला.

मैदा ५०० ग्रॅम, यीस्ट ७ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, कोमट दूध १३० मिली, संत्र्याचा ताजा रस १२० मिली, संत्र्याची किसलेली साल आणि बटर १०० ग्रॅम. तसंच तिंबा, फुगवा. मग आठ गोळे करा. आता या थरांत घालायला २०० ग्रॅम ब्राऊन शुगर, दोन चमचे दालचिनी (इथे चालते, ती पिठाच्या बाहेर आहे) आणि १०० ग्रॅम वितळलेलं बटर.

१८ सेंटिमीटर व्यासाचं उभं, जाड बुडाचं भांडं घ्या. बूड निघणारा केकचा टिन अजिबात नको, सगळा पाक ओव्हनमध्ये गळतो आणि आठवडाभर धूर येत राहतो. भांड्याला आतून बटर फासून तळाला साखर पसरा. गोळा भांड्याच्या मापाची पोळी होईल असा लाटा, आत ठेवा, वर बटर, त्यावर साखर-दालचिनी. मग पुढची पोळी. असे आठ थर. सगळ्यात वर बटर आणि जास्तीची साखर. पाऊण तास फुगवून १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं भाजा. साखर वितळून थरांतून खाली उतरते आणि बुडाशी कॅरॅमल होतं. बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत, कॅरॅमल पातळ आहे तोवर, खोल ताटात उलटा करा. उशीर केलात तर पाव भांड्यालाच चिकटतो. हाताला जाड फडकं असू द्या. उकळत्या पाकाचा चटका तेलाच्या चटक्याहून वाईट.

खारा फोलार

कोइंब्राच्या आजी मूळच्या उत्तरेतल्या शाव्हिशजवळच्या खेड्यातल्या. गोड फोलार त्या शेजाऱ्यांसाठी करायच्या आणि स्वतःसाठी खारा. शेजारच्या वाल्पासुश गावाच्या फोलारला तर युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्या देवगडच्या हापूसला भारतात आहे तसं. तिकडे किलोभर पिठाला डझनभर अंडी घालतात. मी ५०० ग्रॅम मैद्याला ४ अंडी, ८० मिली दूध, ६० मिली ऑलिव्ह तेल, ६० ग्रॅम बटर, ७ ग्रॅम यीस्ट आणि ६ ग्रॅमच मीठ घेते, कारण आतलं मांस खारट असतं. पीठ फार सैल होतं, परातीऐवजी भांड्यातच लाकडी डावाने घोटा.

आत खारवलेलं हॅम आणि धुरावलेली सॉसेजं जातात, एकूण ३०० ते ३५० ग्रॅम. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे गोव्याचं चोरीस, नावानेही पोर्तुगीज शोरिसूचंच भावंड. फक्त ते कच्चं आणि व्हिनेगरने आंबट असतं. आवरण काढून, कुस्करून, मंद आचेवर पूर्ण शिजवा आणि सुटलेलं तेल निथळून घ्या. नाहीतर पिठाचा थर त्यात ओला राहतो. डुकराचं चालत नसेल तर चिकन सॉसेज बिनदिक्कत वापरा. १४९७ मध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंनी संशय येऊ नये म्हणून कोंबडी आणि पावाचं सॉसेज भरलं, तेच आलेइरा, अशी त्या भागातली जुनी समजूत आहे. तेल लावलेल्या टिनमध्ये पीठ, मांस, पीठ, मांस, पीठ असे थर, तासभर फुगवणं आणि १८० अंशांवर ४०-४५ मिनिटं. हा कोमटच खायचा.

सणाचं टेबल आणि त्यापुढचे आठवडे

मिन्यु भागात ईस्टरच्या दिवशी चर्चमधून क्रूस घेऊन मंडळी घंटा वाजवत घरोघर येतात. दारात फुलांच्या पाकळ्या आणि सुवासिक पाला अंथरलेला असतो, घरातला प्रत्येक जण क्रूसाचं चुंबन घेतो आणि टेबलावर फोलार, साखर चढवलेले बदाम, पोर्ट वाइन आणि ‘पाँव दे लो’ मांडलेला असतो. पाँव दे लो हा खरं तर पाव नाही, नुसत्या अंडी-साखर-पिठाचा स्पंज केक आहे. ओव्हार गावचा तर आतून मुद्दाम ओला ठेवतात. तो चीजबरोबर खातात, आणि हे ऐकून नाक मुरडू नका.

अझोर्स बेटांवर सण इथे संपत नाही, सुरू होतो. ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतचे सात आठवडे तिथे पवित्र आत्म्याचे उत्सव चालतात. एखाद्या घराकडे चांदीचा मुकुट येतो, आणि ते घर साऱ्या गावाला मांसाच्या रश्श्यात भिजवलेला पाव आणि ‘मासा सोव्हादा’, म्हणजे तिंबलेल्या पिठाचा गोड पाव, फुकट वाढतं. या प्रथेचं श्रेय संत मानल्या गेलेल्या राणी इझाबेलला देतात, तिचा मृत्यू १३३६ चा. पेंटेकॉस्टनंतरचा सोमवार हा अझोर्सचा प्रदेशदिन. मासा सोव्हादा करायचा असेल तर वरच्या गोड फोलारच्याच पिठातून बडीशेप-दालचिनी काढा, एक अंडं वाढवा आणि दूध ३० मिलीने कमी करा. गोल टिनमध्ये १६५ अंशांवर भाजा. पोर्तुगीज मजुरांबरोबर तो १८७८ पासून हवाईत गेला. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथल्या दुकानात ‘पोर्तुगीज स्वीट ब्रेड’ पाहिला असेल, तो हाच.

आपल्यापर्यंत फोलार फारसा आला नाही, पाव मात्र आला, शब्दासकट. गोव्यात यीस्ट नव्हतं म्हणून माडाच्या सुरेने पीठ फुगवलं गेलं, आणि पावाचा धंदा करणारा पोदेर अजून सायकलवर भोंपू वाजवत फिरतो.

फोलार घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस मऊ राहतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, लवकर वाळतो. त्यापेक्षा कापून, अंडं काढून, फ्रीझरमध्ये टाका. तिसऱ्या दिवशी उरलेल्या कापा तव्यावर बटरवर भाजा. अंडं जिथे बसलेलं होतं त्या खळग्याच्या कडेला कांद्याच्या सालांचा फिकट तांबडा डाग उमटलेला असतो. आजी ती काप कोणाला द्यायच्या नाहीत.